ओठांना लावलेलं पोटात जात नाही?



आधी कबुली देते, मग भांडते. तीन वर्षं मला एक हायलायटर हवा होता. गुलाबी झाक असलेला, स्टिकसारखा. गालाच्या उंचवट्यावर एक रेघ ओढायची, बोटानं थापायची, की चेहरा आत्ताच आठ तास झोपून उठल्यासारखा दिसतो. त्याच कंपनीचा ओठांचा संचही हवा होता. आधी साखरेचा स्क्रब, मग त्यावर बाम, म्हणजे लिपस्टिक भेगांमध्ये साचून बसत नाही. दर वेळी किंमत बघायची आणि 'पुढच्या महिन्यात' म्हणून मोबाइल बाजूला ठेवायचा. यंदा भिशी लागली, पुतणीचा साखरपुडा ठरला, आणि मी दोन्ही मागवलं.

आणि खोटं कशाला बोलू, फार छान निघालं. खिडकीत उभी राहून लावलं. गालाच्या हाडावर, वरच्या ओठाच्या कमानीवर एक ठिपका. (नाकाच्या शेंड्यावर लावू नका, आपल्या हवेत तिथे आधीच पुरेसं चमकतं.) स्क्रबचे दाणे बारीक होते, धुतल्यावर ओठ लोण्यासारखे मऊ. बाम लावला आणि जीभ आपोआप ओठांवरून फिरली. गोड लागला. शेजारी उभी असलेली लेक वास घेऊन म्हणाली, "आई, हा मधाचा आहे का गं?"

आमच्या घरात मध येत नाही. खोकल्यालाही आल्याचा रस गुळातून देते मी, वैद्यांनी मधातून सांगितलं तरी. चष्मा लावला आणि खोका वाचला. 'सेरा अल्बा', म्हणजे पोळ्याचं मेण. त्याच्या पुढे 'मेल', म्हणजे चक्क मध. 'लॅनोलिन', म्हणजे मेंढीच्या लोकरीचा चिकटा. हायलायटरच्या खोक्यावर शेवटच्या ओळीत सीआय ७५४७०. हा आकडा पाठ करून ठेवा. हे कार्मिन. पेरूसारख्या देशांत निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे वाढतात. त्यातल्या माद्या वेचून, मारून, वाळवून त्यांच्यापासून हा लाल रंग काढतात. एका पौंडाला साधारण ७० हजार किडे लागतात असं सांगतात. माझ्या गालावरची गुलाबी झाक तिथून आली होती.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. मागच्या भाद्रपदात, दशलक्षणात उपवासानं ओठ फुटले होते, तेव्हा मी दिवसातून चार वेळा असाच कुठला तरी बाम लावत होते. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि ओठांवर पोळ्याचं मेण. तो खोका मी वाचलाही नव्हता.

हे मी आमच्या महिला मंडळात सांगितलं, तर उत्तर काय आलं? "अगं, एवढं काय बघत बसायचं? ते पोटात थोडंच जातं!" माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

पोटात जातंच. ओठांना लावलेलं चहाच्या कपाला लागतं, पोळीच्या घासाला लागतं आणि उरलेलं जिभेला. नाहीतर दर दोन तासांनी परत का लावावं लागतं? बिस्किटाचा पुडा हिरवा ठिपका बघून घेणाऱ्या, जिलेटिन असेल म्हणून मुलांच्या हातातून जेली काढून घेणाऱ्या आपण, तोंडाच्या दारावर काय लावतो ते वाचत नाही. खाण्याला लावतो तोच नियम ओठांना लावला पाहिजे. माझ्या मते यात वाटाघाटीला जागाच नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले, त्यात पाच अणुव्रतांबरोबर मद्य, मांस, मधु यांचा त्याग आहे. हे मूलगुण आहेत. मुनींची महाव्रतं नव्हेत की आपल्याला झेपत नाहीत म्हणावं.

बरं, गालाचं काय? गाल काही कुणी चाटत नाही. इथे मंडळातल्या मैत्रिणींचा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. पण आपण पाठशाळेत शिकलो ना, हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे लागते? किडा मी मारला नाही, पण पैसे देऊन मागवला मीच. चूल पेटवताना, घर झाडताना जे होतं ती आरंभी हिंसा, गृहस्थाला ती सुटत नाही. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. गालाची चमक यातल्या कुठल्या खात्यात टाकणार? हा अनर्थदंड आहे, विनाकारण ओढवून घेतलेला. आणि तो टाळता येतो, कारण तीच गुलाबी झाक लोहाच्या ऑक्साइडनंही येते. खोक्यावर सीआय ७७४९१ लिहिलेलं असतं.

आता दुसऱ्या बाजूलाही थोडं बोलून घेते, नाहीतर काही काका लोक हा लेख व्हॉट्सॲपवर फिरवतील, "बघा, मेकअप म्हणजे पाप, एक बाईच सांगतेय." मी तसं अजिबात सांगत नाही. पंचकल्याणकात इंद्राणी व्हायला बोली लावता, तेव्हा पार्लरवाली पहाटे चारला घरी येते, तिचं बिल कोण देतं? तेव्हा शृंगार चालतो आणि सुनेनं एरवी गालाला काही लावलं की वैराग्याचं प्रवचन. कमरेचा चामडी पट्टा काढून मग बोला म्हणावं. गृहस्थ स्त्रीला सजायला शास्त्रानं बंदी केलेली नाही. भोगोपभोगाचं परिमाण करायला सांगितलंय. परिमाण करायचं तर आधी वस्तू काय आहे ते कळायला नको?

आणि ते कळू नये अशीच सगळी मांडणी असते. 'नॅचरल' शब्दाला तर मी आता घाबरतेच. कार्मिन नैसर्गिक, मध नैसर्गिक, मेण नैसर्गिक, माशांच्या खवल्यांतून काढलेली मोत्यासारखी चमकही नैसर्गिक. (ती ग्वानिन, सीआय ७५१७०. कार्मिनच्या आकड्यात आणि या आकड्यात एकाच अंकाचा फरक, चष्म्याशिवाय वाचू नका.) काही डब्यांवर सशाचं चित्र असतं, ते बघून माझी जाऊ खुशाल निर्धास्त होते. त्या सशाचा अर्थ एवढाच की प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर २०१४ पासून बंदीच आहे. ससा वाचला, पण आत मधमाशी आहे की नाही हे चित्र सांगत नाही. अमेरिकेत २०११ पासून कार्मिन नावानिशी लिहावं लागतं, आणि तेही किड्यांची दया म्हणून नव्हे, काही माणसांना त्याची ॲलर्जी होते म्हणून.

आणखी एक, जे कुठलाच ठिपका सांगणार नाही. हायलायटर चमकतो तो मुख्यतः अभ्रकानं. अभ्रक खनिज आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं निर्दोष. पण झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे आणि शेजारच्या बिहारमध्ये सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ते वेचायला लहान मुलं जातात. बेकायदा खाणींत मुलं दबून गेल्याच्या बातम्या २०१६ साली आल्या होत्या. किड्यासाठी जीव तुटतो आणि सातवीतल्या पोरासाठी नाही, असं आपलं होता कामा नये. प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक मिळतं, खोक्यावर 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं जीभ वळणार नाही असं नाव असतं. मी तर म्हणेन, इथे कृत्रिम तेच घ्या.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कपाळाला मेण लावूनच कुंकू लावायचो की." लावायच्या, खरंच. माझी आजीही लावायची, मेणाची छोटी डबी असायची तिची. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. माझ्या लेकीनं मला विचारलं, एवढाच फरक.

ओठांसाठी सध्या मी कोकणातून आणलेलं कोकमाचं तेल वापरते, भिरंडेल म्हणतात ते. थंडीत दगडासारखं घट्ट होतं, बोटाच्या उबेनं विरघळतं. स्क्रब म्हणून बारीक साखर आणि खोबरेल. बाजारातलाच बाम हवा असेल तर कँडेलिला किंवा कार्नोबा मेणाचा बघा, दोन्ही झाडाची मेणं. वास काही खास नसतो, ते मान्य.

पण सगळं घरी करा असं सांगून मी कंपन्यांना मोकळं सोडणार नाही. ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, स्क्वालीन ही नावं वाचून ते झाडाचं की प्राण्याचं ते तुम्हाला-मला कळूच शकत नाही. स्क्वालीन ऑलिव्हमधूनही येतं आणि शार्कच्या यकृतातूनही. म्हणून विचारायचं. मी कंपनीला तीन ओळी लिहिल्या आहेत: यात कुठल्याही जीवापासून आलेला घटक आहे का? ग्लिसरीन आणि स्क्वालीन कशापासून? अभ्रक कुठून येतं? तुमच्या कपाटातल्या एका तरी डबीसाठी हेच तीन प्रश्न लिहा, आणि आलेलं उत्तर मला पाठवा. दशलक्षणाच्या आधी आपली एक यादी करू, नावासकट.

मला अजून उत्तर आलेलं नाही. उघडलेला माल ते परत घेत नाहीत. कामवाल्या मावशींना द्यावं असं एकदा मनात आलं होतं. मग आपल्याला जे नको ते त्यांच्या ओठांवर का, म्हणून थांबले. साखरपुड्याला मी गालाला काही न लावता गेले आणि फोटोत ते दिसतंय. ती गुलाबी स्टिक कपाटात वरच्या कप्प्यात आहे. महाग होती, फेकवत नाही.