पार्कावर सामना बघायला चला

मंडळी, गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही सोलापूरला जाता. सिद्धेश्वराचे दर्शन होते, होम मैदानावर पोरे पाळण्यात बसतात, चादरी घेतल्या की परतीची एस.टी. पण तिथून जवळच असलेल्या पार्क मैदानात तुमच्यापैकी किती जणांनी पाऊल टाकले आहे?

कागदावर त्याचे नाव इंदिरा गांधी स्टेडियम. सोलापूरकरांच्या तोंडी मात्र पार्कच. स्मार्ट सिटीच्या कामात या मैदानाचे रूप पालटले आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर हा रणजी सामना तिथे झाला. महाराष्ट्राने तो डावाने जिंकला. कप्तान होता केदार जाधव. सोलापुरात रणजी आली ती तीनएक दशकांनी! पॉली उम्रीगर, ज्यांनी १९५५ साली कसोटीत भारताचे पहिले द्विशतक काढले, त्यांचे लहानपण याच गावात गेले, तरी एवढी वाट पाहावी लागली.

मोठे सामने पुण्याजवळ गहुंज्याला होतात. २०१२ पासूनचे ते मैदान देखणे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये विश्वचषकात कोहलीने बांगलादेशविरुद्ध नाबाद शतक ठोकले ते तिथेच. पण सोलापूरहून पुणेच अडीचशे किलोमीटर, त्यात तिकीट, मुक्काम, आणि वरच्या रांगेतून गडी मुंगीएवढे दिसतात. रणजीला बहुधा तिकीट नसते, गर्दी बेताची असते आणि बॅटचा आवाज स्पष्ट कानावर येतो.

चार दिवस कोण बसणार, असे म्हणाल. चारही दिवस नकोच. पहिल्या दिवशीची सकाळ नाहीतर शेवटची दुपार गाठा. बसायचे ते गोलंदाजाच्या पाठीमागे, सरळ रेषेत. बाजूला बसलात तर चेंडू आत आला की बाहेर गेला हे कळायचे नाही.

आणि खेळपट्टीकडे नीट बघा. ती तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा चांगली कळेल. पूर्वी आपण खळे कसे करत होतो? पाणी मारायचे, चोपायचे, घट्ट करायचे. खेळपट्टीचेही तसेच, फक्त बैलांऐवजी रोलर. काळी माती असली तर ती पाणी धरते आणि सुकताना भेगाळते. तांबड्या मातीवर चेंडू जास्त उसळतो. चौथ्या दिवशी भेगा रुंदावतात, माती भुसभुशीत होते आणि फिरकीवाल्याचा चेंडू हातभर वळू लागतो. फलंदाज पुढे येऊन बॅटने जमीन का ठोकतो, हे ढेकळे फोडणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जाताना मुलीलाही न्या. हे मुद्दाम सांगतो, कारण सामना बघायला नेतात ते पोराला. पोरगी घरी भाकऱ्या थापते. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे शेतकऱ्याचीच लेक. आधी भाला नि गोळा फेकायची. पुढे क्रिकेटसाठी पुण्याला जावे लागले, मग थेट नागालँडकडून खेळावे लागले. तिथे २०२२ मध्ये तिने अरुणाचलविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेचा टप्पा त्याआधी कुणाही भारतीयाने, अगदी पुरुषानेही, ओलांडला नव्हता. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली.

तिच्यासारख्या किती पोरी पुण्याचे भाडे परवडत नाही म्हणून थांबल्या असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. जिल्ह्यात चांगले मैदान झाले, पण ते नुसते सामन्यापुरते उघडून चालणार नाही. तालुक्याच्या पोरापोरींना तिथे सरावाला वेळ मिळतो का, हे गेल्यावर चौकशी करून या. विचारणारे आले की दारे उघडतात, निदान किलकिली तरी होतात.

सामन्याच्या तारखा वर्तमानपत्रात येतात. रणजीचा हंगाम थंडीतला, म्हणजे ज्वारी हुरड्यात येण्याच्या सुमाराचा. खेळ सकाळी साडेनऊच्या सुमाराला सुरू होतो, तेव्हा पहाटेची एस.टी. धरा. डोक्याला टोपी हवीच. सोलापूरचे ऊन पौषातही डोळ्यांवर येते.