विमानतळ सरकारचा, भाडेपट्टा कोणाचा?

विमानतळाच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसाने मोजणीला विरोध केला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर एक शिक्का बसतो : विकासाचा विरोधक. धावपट्टी लांबवावयाची आहे, मोठी विमाने उतरावयाची आहेत, शहराचे भले व्हावयाचे आहे आणि हा गडी आपल्या चार खोल्या धरून बसला आहे! शहरातील व्यापारी, पुढारी आणि वृत्तपत्रे असे बोलतात यात नवल नाही. परंतु आमच्या काही शाखांतूनही हाच सूर अलीकडे ऐकू येऊ लागला आहे, म्हणून या विषयावर लिहिणे आम्हांस भाग आहे.

रायपूरपासून सुरुवात करू. नागपूर-रायपूर मार्गावर नोकरी केलेल्या जुन्या रेल्वे कामगारांना माना हे नाव नवे नाही. रायपूरचा विमानतळ तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे धावपट्टी झाली. 1964 साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा याच मान्याच्या छावणीत त्यांना उतरविण्यात आले आणि तेथून दंडकारण्यात पाठविण्यात आले. 'माना कॅम्प' हे वस्तीचे नाव अजून टिकून आहे. 2012 साली विमानतळाला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी नवी इमारतही झाली.

याच बाजूने रायपूर-धमतरीची छोटी लाईन जात असे. 1900 साली सुरू झालेला हा अडीच फुटी मार्ग. अभनपूरला राजिमचा फाटा. मजूर, भाजीवाल्या, शाळकरी मुले, धमतरीकडचे छोटे दुकानदार या गाडीने ये-जा करीत. गाडी हळू होती, पण तिकीट परवडणारे होते. मग ही लाईन एकेक टप्पा करून बंद झाली. शहरातल्या तिच्या जागेवर रायपूर स्थानकापासून नव्या राजधानीच्या आणि विमानतळाच्या दिशेने द्रुतगती रस्ता बांधण्यात आला. जेथून मजुरांची गाडी जात होती, तेथून आता मोटारी जातात. अभनपूरला मोठ्या रुळांवरून पुन्हा गाडी मिळाली ती 30 मार्च 2025 रोजी, मंदिर हसौदमार्गे. म्हणजे शहराच्या मध्यातून नव्हे, वळसा घेऊन. रूळ रुंद व्हावेत याला रेल्वे कामगाराचा विरोध कधीच नव्हता. परंतु ज्यांची गाडी काढली त्यांना दुसरी मिळेपर्यंत किती वर्षे थांबावे लागले, याचा हिशेब कोणी ठेवला?

विमानतळाच्या पलीकडे नवा रायपूर उभा राहिला. छत्तीसगड राज्य 2000 साली झाले आणि राजधानीसाठी तेथील गावांची जमीन घेण्यात आली. 3 जानेवारी 2022 पासून 27 गावांचे शेतकरी नवा रायपूर विकास प्राधिकरणाच्या कार्यालयासमोर धरणे धरून बसले. वाढीव मोबदला, घरटी सज्ञान माणसाला भूखंड, राहत्या वस्तीचे पट्टे या त्यांच्या मागण्या होत्या. राजधानीत मंत्रालय सुरू होऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती. मंत्र्यांचे स्थलांतर झाले. ज्यांच्या जमिनीवर ते झाले त्यांच्या घराचा पट्टा मात्र मागणीपत्रातच राहिला. हे आंदोलन धावपट्टीविरुद्ध नव्हते, हे आम्ही जाणतो. पण जमीन आधी आणि पुनर्वसन मग, हा क्रम तोच आहे. आणि विमानतळाच्या शेजाऱ्यांना भीती वाटते ती नेमकी या क्रमाची.

आता मराठी वाचकाला या प्रकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक मालमत्ता खासगी भांडवलाला वापरावयास देण्याची योजना जाहीर केली. तीत 400 रेल्वे स्थानके होती, 90 प्रवासी गाड्या होत्या, कोकण रेल्वेचा 741 किलोमीटरचा मार्ग होता, आणि 25 विमानतळ होते. त्या 25 मध्ये नागपूर होते आणि रायपूरही होते. पुढे मोठ्या विमानतळाच्या गळ्यात छोटा बांधून दोन्ही एकाच घेणाऱ्यास द्यावयाचे ठरले. तेव्हा रायपूरच्या जोडीला आमचे जळगाव आले. नंतरच्या बेतात रायपूरची जोडी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाशी लावण्यात आली. एका दावणीला बांधल्यावर मान्याचा शेतकरी आणि चिकलठाण्याचा रहिवासी यांचे दुखणे वेगळे कसे राहील?

चिकलठाण्याची धावपट्टी 9,300 फुटांवरून 12,000 फुटांवर न्यावयाची आहे. त्यासाठी पूर्वी 182 एकर जमिनीची भाषा होती, ती पुढे 139 एकरांवर आली. जमीन चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मूर्तिजापूर या गावांची. गावे म्हणावयाची इतकेच. ती केव्हाच शहरात मिसळली आहेत. या भागात कारखान्यांतील कामगार, हमाल, बांधकाम मजूर यांनी गुंठा-दीड गुंठा घेऊन घरे बांधली. कित्येकांचा व्यवहार बाँड पेपरवर झालेला. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचे, घरपट्टी मात्र राहणाऱ्याकडून वसूल होते! अशा ठिकाणी मोबदला जाहीर झाला की पहिला प्रश्न किती मिळणार हा नसतो. कोणाला मिळणार हा असतो. ज्याने आयुष्याची कमाई भिंतींत घातली त्याच्या हाती काय पडेल, हे आधी सांगा, मग मोजणीची साखळी टाका, असे रहिवाशाने म्हटले तर त्यात विकासद्रोह कोठे आला?

मुकुंदवाडीचे नाव 2019 च्या दुष्काळात देशाबाहेर गेले होते, ते विमानामुळे नव्हे. तेथील झोपड्यांतील मुले शाळा सुटल्यावर रिकाम्या घागरी आणि डबे घेऊन गाडीत चढत, औरंगाबाद स्थानकावर पाणी भरत आणि परत येत. जाऊन-येऊन 14 किलोमीटर. आमच्या वाचकांपैकी जे त्या विभागात काम करतात त्यांना दारात अडकवलेले ते डबे आठवत असतील. ज्या वस्तीला नळाचे पाणी मिळाले नाही, त्या वस्तीशेजारी बारा हजार फुटांची धावपट्टी निघणार! धावपट्टी नकोच असे आम्ही म्हणत नाही. पण तेथील माणसाचा सरकारच्या शब्दावर विश्वास का बसत नाही, हे समजून घेण्यास ही एक गोष्ट पुरेशी आहे.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे, कारण खरी मेख तेथेच आहे. 1894 चा इंग्रजी कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची संमती लागते. सरकार आणि खासगी भांडवल यांच्या भागीदारीसाठी 70 टक्क्यांची. निव्वळ सरकारी प्रकल्पाला मात्र अशी संमती लागत नाही. म्हणजे जमीन घेताना विमानतळ सरकारचा असतो, तेव्हा शेजाऱ्याला विचारावयाचे कारण नाही. जमीन ताब्यात आली, पैसा राज्याच्या तिजोरीतून गेला, धावपट्टी झाली की मग तोच विमानतळ 50 वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे देता येतो. अहमदाबाद, लखनौ, मंगळूर, जयपूर, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम असेच गेले. याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, संपादित जमीन विकास न करता दुसऱ्याला विकली तर वाढलेल्या किमतीचा 40 टक्के वाटा मूळ मालकांना द्यावा. पण धावपट्टी केली म्हणजे विकास झाला, आणि भाडेपट्टा म्हणजे मालकी बदलली नाही! दोन्ही दारे बंद. संमतीच्या वेळी सरकारी, नफ्याच्या वेळी खासगी. या मधल्या फटीत शेतकऱ्याची जमीन जाते.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. मुंबईच्या विमानतळाशेजारच्या झोपडपट्टीवासीयांना घरे देण्याचे काम 2007 साली एका बांधकाम कंपनीला दिले गेले. कुर्ल्याला इमारती उभ्या राहिल्या, करार मोडला आणि घरे वर्षानुवर्षे रिकामी पडली. सोलापुरात विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी 15 जून 2023 रोजी स्फोटाने पाडण्यात आली. सभासद शेतकरी आणि कामगार विरोध करीत होते. चिमणी पाडावयाची घाई होती, पण प्रवासी विमान उडाले 9 जून 2025 रोजी, सुमारे दोन वर्षांनी.

आमच्यातील काही साथी म्हणतात, आम्हीही आता एल.टी.सी.वर विमानाने जातो, मग विमानतळाला विरोध कसा करावयाचा? विरोध करा असे कोण म्हणतो? विमानाशी आपले नाते जुने आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि परत फिरत. त्या थैल्या वाहणारे हात टपाल कामगारांचेच होते. विमानतळावरचा कामगारही आपलाच आहे. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी हाती देण्याविरुद्ध फेब्रुवारी 2006 मध्ये विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे शहरात फार थोडे होते. कुंपणाच्या आतला तो कामगार आणि कुंपणाबाहेरचा रहिवासी हे दोघे त्या वेळी एकमेकांशी बोलले असते तर बरे झाले असते. आतल्याची नोकरी आणि बाहेरच्याचे घर एकाच करारपत्रात गहाण पडते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या विमानतळाचे नाव खासगीकरणाच्या यादीत आहे, त्याच्या विस्तारासाठी जमीन घेताना तो भागीदारीचाच प्रकल्प समजावा आणि 70 टक्क्यांची संमती घ्यावी. राहणाऱ्याचे घर बाँड पेपरचे असले तरी घरपट्टीची पावती, शिधापत्रिका आणि वीजबिल यांवरून त्याचा हक्क मानावा. नवी घरे पाण्याच्या नळासह हाती दिल्याशिवाय जुन्या घराला हात लावू नये. आणि पुढे भाडेपट्टा झालाच, तर वार्षिक उत्पन्नातील ठरावीक वाटा बाधित गावांना मिळावा.

रायपूर, जळगाव, संभाजीनगर, सोलापूर आणि नागपूर येथील शाखांना विनंती की, विमानतळाशेजारच्या वस्त्यांत राहणारे आपले सभासद किती आहेत याची नोंद करावी. यात नोकरीत असलेले, निवृत्त झालेले आणि ग्रामीण डाकसेवक असे सर्वच यावेत. मोजणीच्या किंवा संपादनाच्या नोटिसा आल्या असतील तर त्यांच्या प्रती या कार्यालयाकडे पाठवाव्यात. हरकतीची मुदत अल्प असते. नोटीस मिळाल्याची तारीख प्रतीवर न चुकता लिहावी.