दहा दिवस दप्तराविना, पण गावाच्या भरवशावर

कास्तकार बंधूंनो, सरपंच-ग्रामसेवक मंडळींनो, सहावी ते आठवीचं वेळापत्रक एकदा शाळेत जाऊन पाहा. चित्रकला, कार्यानुभव हे तास भिंतीवर लिहिलेले असतात; पुष्कळ ठिकाणी त्या तासाला गणिताची उजळणी चालते. पालकही म्हणतात, बरंच झालं, पोट्टं खेळत तर नाही बसलं! ही समजूत आता सोडायला हवी.

नागपूरच्या रामदासपेठेतला पालक याच गोष्टींसाठी क्लासची फी मोजतो. गावात सुतार आहे, कुंभार आहे, भजनी मंडळ आहे, शेतात पऱ्हाटी उभी आहे. शाळेने मात्र त्यांना कधी बोलावलं नाही.

हा विचार आपल्याच भागातला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन समितीने हाताच्या कामाभोवती गुंफलेला, मातृभाषेतला सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने तो चालवून दाखवला. पुढे बऱ्याच शाळांत टकळी तेवढी उरली, विचार सुटला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेने २००५ पासून तो पुन्हा हाती घेतला आहे.

कोणी म्हणेल, शेतीच शिकवायची तर शाळा कशाला? अहो, शेतीतून गणित शिकवायचं आहे! ओळीत झाडं किती, झाडाला बोंडं किती, दहा बोंडांचा कापूस किती ग्रॅम, त्यावरून एकराचा अंदाज काढा. सरासरी आणि गुणोत्तर पोरं विसरणार नाहीत. बोंडअळी पाहून तिचं चित्र काढलं की विज्ञान आलं. वेचणीच्या बायांना विचारून त्यांची हकिकत लिहिली की भाषा आली.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच समिती करते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर याच वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावच्या कारागिरांकडे शिकण्यासाठी सुचवले आहेत.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत भिंत आणि खिचडी यांवरच वेळ घालवू नका. गावात कोणाला काय येतं याची यादी करा. दहा दिवस ठरवून आराखड्यात घाला. कलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, असं हेडमास्तरांना सांगा. पट भरत असेल तर शिक्षकासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा.

एक मात्र ध्यानात ठेवा. या दिवसांत पोरांना फुकटच्या वेचणीला लावलं, तर सगळंच मातीत जाईल. ती शिकायला येतील, राबायला नव्हे. एवढं पाळून ठराव घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.