बंदुकीलाही सातबारा!


छर्र्याच्या बंदुकीला लायसन लागत नाही. ताकद वीस ज्यूलच्या आत आणि नळी .१७७ ची असली की झालं, शहरातलं पोरगंही ती घेतं. पण तिनं रानडुक्कर हलत नाही. रातभर जागल करूनही नागली जाते ती जातेच.

१९५९ च्या हत्यार कायद्याचं कलम १३ सांगतं, पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. कचेरीत मात्र विचारतात, सातबारा कुठाय? अहो, सातबारा असता तर आम्ही मोर्चे कशाला काढले असते? त्या कलमात सातबाऱ्याचं नावही नाही. प्लॉट आम्हीच कसतो, दंडाच्या पावत्या फॉरेस्टवाल्यांनीच फाडल्यात. तोच पुरावा धरा! (डुक्कर मारायची परवानगी १९७२ च्या कायद्यानं पुन्हा वेगळी, तीही साहेबाकडूनच.)

अर्ज एकत्र भरू. पावत्या घेऊन या.