जादू न येणारा वेताळ



गेल्या महिन्यात आमच्या हिंगणीच्या चौथीच्या वर्गात दर शनिवारी एक जुना पाहुणा येत होता. पाहुणा म्हणजे ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा मराठी अंक! टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेनं मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. १९९० मध्ये ती बंद पडली, पण तोवर तिचे ८०३ अंक निघाले होते. तुमच्या आजोबांना विचारा, डोळे कसे चमकतात ते बघा.

पहिल्या शनिवारी आला वेताळ. मूळचा हा फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ मध्ये त्याला जन्म दिला. मराठीत त्याला ‘वेताळ’ हे नाव फार शोभलं, कारण वेताळ आपल्या ओळखीचा! पुण्यात वेताळ टेकडी आहे. कोकणात, गोव्यात तर गावाची राखण करणारा देव म्हणून वेताळाची देवळं आहेत.

त्याची गोष्ट अशी. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातून एकच मुलगा वाचून किनाऱ्याला लागला. जंगलातल्या ठेंगण्या बांदर लोकांनी त्याला जगवलं. पुढं वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालतो, तीच कवटीची अंगठी बोटात चढवतो. लोकांना वाटतं, हा मरतच नाही! आपण वाचतो तो एकविसावा वेताळ.

अंक संपला तसा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, याले तर उडताही येत नाही. मंग हा कायचा सुपरहिरो?”

प्रश्न चांगला होता. उत्तर मी दिलं नाही.

दुसऱ्या शनिवारी जादूगार मँड्रेक. हासुद्धा फॉकचाच, पण वेताळाहून दोन वर्षांनी थोरला. याच्या नजरबंदीनं गुंडाच्या हातातल्या बंदुकीचा साप होतो! वर्ग खदाखदा हसला. मात्र सोमवारी गोष्ट विचारली, तर साप तेवढा सगळ्यांना आठवत होता, गोष्ट कुणालाच नाही. वर्गानं मँड्रेकला दहापैकी सहा गुण दिले.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा वेताळ. वेताळाचा देश आपल्याकडच्या अंकांत ‘डेंकाली’ म्हणून येतो. या वेळी मी सांगितलं, “आता चुका शोधा.” एक मुलगी उठली. “सर, बांदर लोकांच्या विषारी बाणाले सारे भितात. जंगलही त्याइचंच. मंग त्याइले बाहेरचा राखणदार कायले पाहिजे?”

खरंच की! आमच्या गावाजवळ बोरचं जंगल आहे. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. तिथं पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला ना मुखवटा, ना पांढरा घोडा. जंगल राखायला ते जंगल माहीत असावं लागतं. त्या माहितीचा मान चित्रकथेत बांदरांना पुरता मिळत नाही. म्हणून वेताळाला आठ. दोन गुण त्या मुलीनं कापले.

चौथ्या शनिवारी बहादूर. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा आपल्या देशातला नायक १९७६ मध्ये आला. अंगात कुर्ता आणि जीन्स. याचे वडील दरोडेखोर होते. ते पोलिसांच्या गोळीनं गेले. पोराच्या मनात सूड होता. पण मोठा होऊन तो गावकऱ्यांना जमवतो आणि दरोडेखोरांशीच लढतो.

त्या दिवशी वर्ग गप्प होता. गावोगावच्या शाळांत एखादं पोर असं असतं, ज्याला त्याच्या नावानं कमी आणि बापाच्या करणीनं जास्त हाक मारतात. ‘दारुड्याचा’, ‘चोराचा’. आमच्याकडच्या अशाच एकानं सुट्टीत हळूच विचारलं, “सर, हा अंक घरी नेऊ?” पानं पिवळी पडलेली, टाचण्या गंजलेल्या, अंकही मागून आणलेला. तरी दिला.

आता त्या मागच्या बाकाचं उत्तर. वेताळानं बापाचं काम हाती घेतलं, बहादूरनं बापाचं काम टाकलं. जादू दोघांनाही येत नाही. पण काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे दोघांनी स्वतः ठरवलं. उडण्यापेक्षा हे अवघड आहे, दोस्तांनो. बहादूरला वर्गानं दहापैकी दहा दिले.

या आठवड्यात दोन कामं करा. घरात, माळ्यावर जुना इंद्रजाल अंक सापडतो का बघा. सापडला तर वाचा आणि त्याला गुण द्या. आणि तुमच्या वर्गात कुणाला बापावरून चिडवत असतील, तर त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारा. दुसऱ्या कामाला गुण नाहीत, पण ते आधी करा.

तुमचे,
गुरुजी