फ्यूज उडाला, पण का उडाला?



जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की आपल्याला दोनच उपाय सुचतात. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची, नाहीतर सेट भंगारात देऊन ब्लूटूथ स्पीकर आणायचा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याने आग लागू शकते. दुसऱ्याने मुलांसमोरचा एक उत्तम पाठ उचलून नेला जातो.

आमच्या शाळेत गावातल्या एका कुटुंबाने दिलेला ऐंशीच्या दशकातला सेट आहे. लाकडी पेटी, दोन स्पीकर, जड ट्रान्सफॉर्मर. परिपाठ, लेझीम, स्नेहसंमेलन, सगळं त्यावरच. गेल्या वर्षी तो अर्ध्या तासात इतका तापायला लागला की वर हात ठेववत नव्हता. मग फ्यूज गेला. नवा घातला, तोही गेला. शाळा व्यवस्थापन समितीत "नवीन घेऊन टाका" असा सूर निघाला. मी एवढंच मागितलं की आधी दुरुस्ती करून बघू, आणि ती शाळेतच, सातवीच्या मुलांसमोर.

एका पालकांनी रास्त शंका काढली, "मॅडम, पोरं घरी जाऊन काहीही उघडतील." अहो, ती तशीही उघडतातच! उघडण्याआधी काय करायचं असतं हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं, खरा धोका तिथे आहे. तालुक्याहून आलेल्या मेकॅनिक काकांनी आधी पिन काढली. मग आतल्या मोठ्या कपॅसिटरना रेझिस्टर लावून ते रिकामे केले. "पिन काढली तरी ह्यांच्यात करंट साठलेला असतो," हे त्यांचं वाक्य मुलांच्या चांगलंच डोक्यात बसलं. मुलं खडूने आखलेल्या रेषेच्या मागे होती, हात कोणीही लावायचा नाही असं ठरलं होतं. २३० व्होल्टशी प्रयोग नको.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. काकांनी सेटच्या आधी १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच अडवतो, म्हणजे आणखी काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. आमचा पेटूनच राहिला.

मग एकेक भाग सोडवून तपासणी. नुसता ट्रान्सफॉर्मर जोडला, बल्ब विझलेला. रेक्टिफायर आणि कपॅसिटर जोडले, बल्ब चमकून मंद झाला. उजवा चॅनल जोडला, तरी मंदच. एक मुलगी मागून ओरडली, "मग डाव्या बाजूलाच आहे!" डावा जोडला आणि बल्ब लख्ख. दरवेळी पिन काढूनच जोडाजोड चालली होती, त्यामुळे वेळ लागला, पण कोणी कंटाळलं नाही. वर्गात "कारण सांगा" प्रश्नाचं उत्तर आपण पाठ करून घेतो. इथे कारण समोर सापडत होतं.

डाव्या चॅनलचा एक पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. २एन३०५५, म्हणजे १९६० च्या दशकापासून बनत आलेला, आजही मिळणारा जाड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर. नकलीही बरेच फिरतात, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. काकांनी जोडीतले दोन्ही बदलले. अनेक दुरुस्त्या इथेच संपतात, आणि सेट महिन्याभरात परत येतो.

कारण ट्रान्झिस्टर गेला तो उष्णतेने. त्याच्या आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती असते, तिच्या दोन्ही बाजूंना पेस्ट लावतात. वीज अडते, उष्णता मात्र पलीकडे जाते. आमच्या सेटची पेस्ट वाळून चुन्यासारखी भुकटी झाली होती. शिवाय पेटीच्या वरच्या जाळीवर हौसेने विणलेला रुमाल आणि रुमालावर हजेरीची रजिस्टरं! हवा जाणार कुठून? ट्रान्झिस्टर तापला की त्यातून जास्त करंट वाहतो, जास्त वाहिला की तो आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झालं की फ्यूज काय करणार?

नवी पेस्ट लावून, प्रीसेट साफ करून काकांनी गाणं न लावता सेट वीस मिनिटं तसाच चालू ठेवला. मग ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर धरला, ११ मिलिव्होल्ट. मुलांनी फळ्यावर भागाकार केला, ५० मिलिअँपिअर. काका म्हणाले, "ह्या सेटला एवढा बरोबर." दशांश अपूर्णांकाचा भागाकार कशाला शिकायचा, हे त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही.

कार्यानुभवाच्या तासाला आपण टाकाऊपासून टिकाऊ म्हणून बाटलीची फुलदाणी करतो. करावी, पण बंद पडलेली वस्तू तीच वस्तू म्हणून पुन्हा चालू होते, हे मुलं कधी बघणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. तिथे सुतार, माळी, कुंभार यांची उदाहरणं आहेत. आपल्या बाजारपेठेतला मेकॅनिकही त्यात बसायला हवा.

प्रत्येक सेट वाचतो असं नाही. ट्रान्सफॉर्मरच जळला असेल, वार्निशचा करपट वास येत असेल, तर खर्च परवडत नाही, सोडून द्यावा. पण दुरुस्तीला टाकलात तर दोन गोष्टी जरूर करा. काढलेले भाग परत मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी मुलाला विचारू द्या, "काका, हा का गेला?"