डबे वाढले, राखीव जागा आटल्या



बंदराचा आकडा फुगला की पेपरवाल्यांच्या अंगात येतं. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरानं २०२३-२४ साली ६४ लाखांवर डबे हलवले, २०२४-२५ साली ७३ लाखांच्या आसपास. वीस फुटी डबा हे त्यांचं माप, त्याला ते टीईयू म्हणतात. चाळीस फुटी असला तर दोन धरतात. वर्षात साडेतेरा टक्के वाढ. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सिंगापुरी टर्मिनलचा दुसरा टप्पा खुला झाला आणि बंदराची ताकद वर्षाला एक कोटी डब्यांवर गेली. फोटो निघाले, भाषणं झाली.

तिकडं डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी. खर्च ७६,२२० कोटी. हजार-हजार मीटरचे नऊ कंटेनर टर्मिनल. १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची, १० किलोमीटरवर लांबीचा लाटारोधक बांध घालायचा. ताकद वर्षाला २ कोटी ३२ लाख डबे, म्हणजे न्हावा-शेव्याच्या दुपटीहून जास्त. आणि रोजगार? प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून दहा लाख लोकांना, असं मंजुरीच्या वेळी सरकारनं सांगितलं.

आता माझा साधा सवाल. डबे मोजता, मीटर मोजता, हेक्टर मोजता. त्या दहा लाखांत आमचे किती, ते कोण मोजणार? आणि 'अप्रत्यक्ष' म्हणजे काय रे बाबांनो? गेटाबाहेर चहा विकणारी बाई अप्रत्यक्ष, ट्रेलर धुणारा पोरगा अप्रत्यक्ष, गोदामात डबा रिकामा करणारा हमाल अप्रत्यक्ष. आपण या देशात हजारो वर्षं अप्रत्यक्षच आहोत. आता प्रत्यक्ष कधी होणार, ते बोला.

मी गोदीत काम करतो. लॅशिंगचं. जहाजावर डब्यांच्या उतरंडी रचलेल्या असतात, त्यांना लोखंडी सळ्या आणि टर्नबकलनं आवळायचं, धक्क्याला लागलं की सोडायचं. दहावी पास आहे, कविता लिहितो, कंत्राटदाराच्या वहीत नाव आहे. कुठल्या बंदरात, कुठल्या कंत्राटदाराकडं, ते लिहीत नाही; गेटपास रद्द व्हायला एक फोन पुरतो. पाळी लागली तर मजुरी, नाही लागली तर घरी जा. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. धक्क्यावर उभं राहून काय दिसतं ते सांगतोय.

काय दिसतं? मालाची वाढ आणि राखीव जागांची घट एकाच जहाजातून उतरतात.

कसं ते बघा. न्हावा-शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं तेव्हा ते सरकारी पोर्ट ट्रस्ट होतं. पोर्ट ट्रस्ट म्हणजे राज्यघटनेच्या अर्थानं 'राज्य'. म्हणजे तिथल्या नोकरीला कलम १६(४) लागू, बिंदूनामावली लागू, अनुशेष भरा म्हणून भांडायची सोय लागू. मग १९९७ साली पहिलं टर्मिनल परदेशी कंपनीला द्यायचा करार झाला. त्यामागून दुसरं, तिसरं, चौथं. २०२१ साली पोर्ट ट्रस्टचा १९६३ चा कायदा मोडीत काढून मेजर पोर्ट अथॉरिटीज कायदा आणला. २०२२ साली बंदराचं स्वतःचं, सरकारी पगारावर चालणारं टर्मिनलही खासगी हातात दिलं. त्यावर अभिमानानं सांगितलं, हे देशातलं पहिलं शंभर टक्के 'घरमालक' बंदर झालं.

घरमालक! शब्द ऐका. जमीन सरकारची, धक्का सरकारचा, गाळ काढून खोल केलेली वाट सरकारची. भाडेकरू मात्र कंपनी. आणि भाडेकरूच्या घरात घटनेचं कलम शिरत नाही. कंपनीनं कुणाला नोकरीला ठेवायचं, कुणाला कंत्राटावर, कुणाला गेटाबाहेर, हा तिचा खासगी मामला. क्रेनवर कोण बसणार, कंट्रोल रूममध्ये संगणकापुढं कोण बसणार, आणि पावसात डब्यावर चढून सळी कोण उपसणार, हे आता बिंदूनामावली ठरवत नाही. ओळख ठरवते, आडनाव ठरवतं, ट्रेनिंगला भरायला पैसे कुणाच्या बापाकडं आहेत ते ठरवतं.

राखीव जागा काढून घ्यायला संसदेत एक ओळही बदलावी लागली नाही. घटना आहे तिथंच आहे, कपाटात. नोकऱ्याच तिच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवल्या. आपण रस्त्यावर 'संविधान बचाव'च्या घोषणा देत होतो, इकडं संविधान शाबूत ठेवून त्याखालची जमीन तीस-तीस वर्षांच्या करारानं दिली.

कुणी शहाणा म्हणेल, अरे यंत्र आलं, डबा आला, माणूस जाणारच. यात जात कुठून आणली? जात आम्ही आणली नाही. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी काय विचारलं होतं? विणाई खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही? जादा पगाराचं खातं तेच. धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो, म्हणून आमचा माणूस कमी पगाराच्या खात्यात. यंत्र तेव्हाही होतं, आणि यंत्रापाशी कुणी बसायचं हे जात ठरवत होती. आजचं विणाई खातं म्हणजे क्रेनची केबिन. कुणी विटाळाचं नाव काढत नाही, 'स्किल' म्हणतात. स्किल शिकवणारी जागा कुठंय, फी किती, बसतं कोण, एवढं विचारा. उत्तर कळेल.

दुसरा शहाणा डाव्या बाजूनं येतो. म्हणतो, कामगार सगळा एक, जातीचं बोलून फूट पाडू नका. भल्या माणसा, तुझी युनियन कायम कामगारांची. ते म्हातारे होऊन चालले, स्वेच्छानिवृत्ती घेऊन चालले. कंत्राटी पोरांची पावती तू किती वेळा फाडलीस? फूट कंत्राटानं आधीच पाडलीय, आम्ही फक्त ती कुठून चिरलीय ते दाखवतोय.

तिसरा येतो तो 'भूमिपुत्र'वाला. त्याच्याशी जरा नीट बोलायला पाहिजे, कारण त्याच्या मागं रक्त आहे. जानेवारी १९८४ ला उरण-जासईच्या मातीत गोळीबार झाला, पाच जण शहीद झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क निघाला. त्याला आमचा सलाम आहे. पण शब्द तपासा. भूमिपुत्र म्हणजे ज्याच्या बापाला भूमी होती तो. भरपाईचं सगळं गणित सातबाऱ्याला बांधलेलं. ज्याचा सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबला, मिठागरात पाय सडवत राबला, तो प्रकल्पाच्या आधी भूमिहीन आणि प्रकल्पानंतरही भूमिहीन. त्याचं कामच गेलं, पण कागदावर त्याचं काही गेलंच नाही. बौद्धवाडी आणि कातकरवाडी नकाशात ठिपका असते, भरपाईत तेवढीही नसते.

वाढवणला हेच पुन्हा होणार आहे, मोठ्या मापानं. तिथं जमीन समुद्रातून काढायची आहे आणि समुद्राचा सातबारा नसतो. मच्छीमाराची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कुठल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे? मासळी वाहणाऱ्या, सुकवणाऱ्या बाईची? बागायतीत रोजानं जाणाऱ्या वारली मजुराची? डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं, त्यानं १९९८ साली याच वाढवणचं बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला परवानगी दिली. किनाऱ्यावरचे लोक 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' म्हणत रस्त्यावर आले ते उगीच नाही. त्यांच्या पोटावर पाय आहे आणि त्या लढ्यात आपण त्यांच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे.

पण उभं राहताना एक गोष्ट स्पष्ट सांगून उभं राहायचं. गावाची, परंपरेची, जुन्या सुखी किनाऱ्याची आरती आम्ही ओवाळणार नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी गाव सोडलं ते हौसेनं नाही. मुंबईची गोदी, गिरणी, रेल्वे ही आमच्यासाठी गावकुसातून सुटायची भोकं होती. गोदीत टोळीवाला लुटायचा, पण पाणवठ्यावरून हाकलत नव्हता. म्हणून बंदर नावाच्या गोष्टीचा आम्हाला राग नाही. बंदर पाहिजे. पण ते कुणाच्या पोटावरून येणार आणि आल्यावर कुणाच्या ताटात जाणार, हा हिशेब आधी मांडायचा, दगड बसवल्यावर नाही.

इतिहासाचं एक पान सांगतो, कारण आपली पोरं १४ एप्रिलला डीजेपुढं नाचतात त्यांना ते कुणी सांगत नाही. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापूस, सोबत सोनं. शेकडो माणसं मेली, आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या. त्या दिवशी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं. १९४२ ते १९४६ ते खातं त्यांनी सांभाळलं. आपल्या चळवळीचा बाप मजूरमंत्री होता, हे आपण विसरलो, आणि मजुराचा प्रश्न दुसऱ्यांच्या झेंड्याखाली ठेवून मोकळे झालो.

पुढं १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. त्या कायद्यानं टोळीवाल्याच्या मुठीतला माणूस नोंदवहीत आणला. मंडळाकडं नोंदणी, आळीपाळीनं काम, काम नाही लागलं तरी हजेरीभत्ता, महिन्याला ठराविक दिवसांच्या मजुरीची हमी. नव्वदीत ही मंडळं बंदरांत विलीन करायला लागले, १९९७ साली त्यासाठी कायदाच केला. मंडळ गेलं आणि टोळीवाला परत आला. आता तो सफारी घालतो, त्याच्याकडं जीएसटी नंबर आहे आणि त्याला 'मॅनपॉवर सप्लायर' म्हणतात. एवढाच फरक.

आता ऐका, या धंद्यातली खरी मेख. टर्मिनलचे करार होतात त्यात 'किमान हमी' लिहिलेली असते. कंपनीनं वर्षाला अमुक इतका माल हलवलाच पाहिजे, नाही तर दंड. म्हणजे सरकारला करारात अट घालता येते! मालाची हमी लिहून घेता येते तर माणसाची का नाही? खासगी कॉलेजात राखीव जागा ठेवण्यासाठी २००५ साली घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणलं, सुप्रीम कोर्टात ते टिकलंही. कॉलेज खासगी असून चालतं, तर सरकारच्या जमिनीवर, सरकारच्या समुद्रावर उभं असलेलं टर्मिनल का नको?

म्हणून आपल्या मागण्या गुळगुळीत नकोत, मोजता येतील अशा पाहिजेत.

एक. वाढवणच्या आणि न्हावा-शेव्याच्या पुढच्या प्रत्येक करारात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसींच्या जागा टक्क्यानं लिहा. क्रेनच्या केबिनपासून कंट्रोल रूमपर्यंत. नुसत्या झाडूच्या जागा दाखवून आकडा भरू नका. आणि दरवर्षी डब्यांच्या आकड्याशेजारी तो आकडाही छापा.

दोन. क्रेन आणि यंत्रांचं प्रशिक्षण बंदराच्या पैशानं, फुकट, आणि त्यात राखीव जागा.

तीन. प्रत्येक डब्यामागं लेव्ही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानं, हे करून दाखवलंय: मालक लेव्ही भरतो, मंडळ पगार वाटतं, फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना बघतं. लॅशिंगवाला, गोदामातला हमाल, ट्रेलरचा क्लीनर, सगळे एका मंडळाच्या वहीत आणा. ७३ लाख डब्यांवर डब्यामागं दहा रुपये धरा, वर्षाला ७ कोटी ३० लाख होतात. एवढ्यानं कुठलं जहाज कोलंबोला पळून जात नाही.

चार. बाधित कोण, हे सातबाऱ्यावरून ठरवू नका, पोटावरून ठरवा. ज्याचं काम जातं तो बाधित.

हे कोण मागणार? आपले पुढारी? ते सध्या कुठल्या गटाच्या कुठल्या तुकड्याला कुठलं महामंडळ मिळतंय याच्या हिशेबात आहेत. त्यांना बंदर म्हणजे हार घालायला मंत्री येतो ती जागा. मागायचं तर कंत्राटी पोरांनी आणि शहरातल्या शिकलेल्या पोरांनी मिळून. तुम्ही वकिली शिकताय, इंजिनिअरिंग शिकताय, संगणक चालवताय. या करारांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागवा, वाचा, वस्तीत येऊन सोप्या भाषेत सांगा. जात विचारून काम देणाऱ्या मुकादमाचं नाव आम्ही सांगू, तक्रारीचा मसुदा तुम्ही लिहा. कवितेची काळजी करू नका, ती आम्ही रात्रपाळीत लिहू.

वाढवणचे करार होतील तेव्हा पुढच्या तीस वर्षांची नोकरी, म्हणजे अख्खी पिढी, त्या कागदावर असेल. सही होण्याआधी त्यात आपली ओळ घुसवायची. सही झाल्यावर मोर्चा काढला तर गेटावरचा वॉचमन सांगेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तो वॉचमनसुद्धा आपलाच असेल, कंत्राटावरचा.

जयभीम.